ळ नसलेला लॅपटॉप

डोंगरउतारावरच्या एका रानात एक साळिंदर राहत असे. ते रानातल्या शाळेत शिकवी, म्हणून लहानथोर सगळे त्याला ‘बाई’ म्हणत. बाई अबोल होत्या. पण पाटीवरची चुकलेली वेलांटी त्यांना लांबूनही दिसे.

एकदा शाळेसाठी लॅपटॉप घ्यायचे ठरले. कासवाने आणलेला लॅपटॉप जाड, मातकट आणि सुरू व्हायला वेळ लावणारा होता. कोल्ह्याचा मात्र पिंपळपानासारखा पातळ, उघडताच लखलखणारा. बाईंनी दोन्हींवर आपले नाव लिहून पाहिले. एकावर ‘साळिंदर’ उमटले, दुसऱ्यावर ‘सालिंदर’.

“सर, कोल्हेदादांच्या लॅपटॉपमध्ये ळ नाही,” बाई मुख्याध्यापक गव्याला हळूच म्हणाल्या.

“नाहीच,” कोल्हा म्हणाला. “आमच्या मुलखात ते अक्षर लागत नाही. आणि आधीच सांगतो, मागाहून बसवताही येणार नाही.”

“सालिंदर!” रानडुक्कर खिदळले. “म्हणजे बाई, काटे गेले आणि नुसती साल उरली की तुमची!”

गव्यालाही हसू आवरेना. “अहो बाई, एका अक्षरासाठी काय अडून बसायचे? ळ च्या जागी ल लिहू. चालवून घेऊ!”

बाईंना आणखी बोलायचे होते. पण सगळेच हसत होते, म्हणून त्या गप्प बसल्या.

कोल्ह्याचे लॅपटॉप घरोघरी गेले. “दिसतो ल, पण वाचायचा ळ,” असे बाई सुरुवातीला पिलांना रोज बजावत. दोन वर्षे गेली. नव्या पिलांना ळ नावाचे अक्षर असते हेच ठाऊक नव्हते. हळूहळू बाईंचाही पंजा न अडखळता ल वर पडू लागला.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. एका दुपारी बाई कंदमुळे शोधत कड्यावर गेल्या आणि जागीच थिजल्या. खाली ओढ्याकाठचे गवत पेटले होते. पलीकडच्या उतारावर पिले घरी एकटीच होती. हाक तिथवर पोहोचणार नव्हती. बाईंनी घाईघाईने सोबतचा लॅपटॉप उघडला. लिहायचे होते, ‘ओढ्याकडे जाळ!’ सवयीने ल उमटला आणि निरोप गेला.

“ओढ्याकडे जाल!” भेकराच्या पाडसाने मोठ्याने वाचले.

“पण तिकडून धुराचा वास येतोय,” ससुला म्हणाला.

“म्हणूनच पाण्याकडे बोलावलंय, वेड्या! बाई कधी चुकीचं सांगतात का? चला!”

पाच पिले धावत सुटली. कड्यावरून बाईंना ती दिसत होती. “मागे फिरा!” त्या घसा फुटेस्तोवर ओरडल्या. वारा उलटा होता. पिले एकामागून एक धुरात शिरली. सर्वांत मागे राहिलेला ससुला तेवढा चटका बसताच परत पळाला.

“तू आम्हाला फसवलेस!” गवा कोल्ह्यावर धावून गेला.

“मी?” कोल्हा म्हणाला. “मी तर तुमच्या तोंडावर सांगितले होते.”

शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. चार नावे त्यांनी पुन्हा पुन्हा पुकारली. वर्गात कुणीच मान वर केली नाही.

तात्पर्य : जी उणीव मोठे हसण्यावारी नेतात, ती लहानांना भोगावी लागते.