कोचाचं कापड

बोरखळच्या राजवाड्यात गाद्या होत्या, लोड होते, तक्के होते. कोच मात्र औषधालासुद्धा नव्हता. आणि कोचाचं कापड पंधरा तागे येऊन पडलं होतं!

त्याचं असं झालं, महाराज बंदरावरच्या लिलावाला गेले होते घोडा घ्यायला. घोडा महाग वाटला आणि शेजारचं कापड निम्म्या भावात होतं. झालं! स्वस्त दिसलं की महाराजांचा हात आपोआप वर जायचा. कापड जाजमासारखं ताठ, आणि त्यावर कोबीच्या गड्ड्याएवढाली लालभडक फुलं.

"कोच नाही, नि कोचाचं कापड घेणं झालं!" राणीसाहेबांनी कपाळावर हात मारला. "माझ्या महालात यातली चिंधीसुद्धा यायची नाही. हे अंगावर घालील असा अजून जन्मायचाय!"

महाराज इरेला पेटले. एका ताग्याचे अंगरखे शिवून सगळ्या दरबाऱ्यांना चढवले.

"कसं वाटतंय?" महाराजांनी विचारलं.

दिवाणजींना हात खाली घेता येत नव्हते. तरी मान डोलावून म्हणाले, "लोण्यासारखं मऊ, सरकार!" त्यांच्यामागून साऱ्या माना डोलल्या. घरी गेल्यावर मात्र एकेकानं पाठ खाजवून खाजवून घर डोक्यावर घेतलं! बायकांनी वाट्या वाट्या खोबरेल चोळलं, आणि गावात खोबरेल मिळेनासं झालं. राणीसाहेबांना हे कळलं तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. महाराज तेवढे बेखबर होते. दरबारी शिंप्यानं वारं ओळखलं आणि सासुरवाडी गाठली.

मग बोलावणं गेलं द्वारका शिंपिणीला. गावात शिवणयंत्र एकच, ते द्वारकाचं. नवऱ्यामागं त्याच यंत्रावर तिनं दोन लेकी उजवल्या होत्या.

"उरलेलं सगळं कापड आठ दिवसांत शिवून संपव," महाराज म्हणाले. "माझ्या राज्यात ते अंगावर मिरवलं गेलं पाहिजे. आणि मिरवणाऱ्यानं एका अक्षराची तक्रार करता कामा नये. केली, तर तुझं यंत्र सरकारजमा!"

द्वारकाच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र गेलं तर खायचं काय, धोंडे? पण बाई खमकी. तिनं विचारलं, "मिरवायचं कुणी सरकार? ते नाही सांगितलंत."

"राज्यातल्या कुणीही! जा आता."

घरी येऊन द्वारका कामाला लागली. आधी कापड जोखायला म्हणून उशीचा अभ्रा शिवला. दुपारी जरा डोळा लागला, तर उठल्यावर गालावर कोबीएवढं फूल! दाराला पडदा लावला, तर वाऱ्यानं हात टेकले. नातीला परकर शिवला. पोर त्यातून निसटून खेळायला पळाली आणि परकर घराच्या मधोमध एकटाच उभा! पिशवी तेवढी फक्कड झाली, पण पिशवी काय कुणी अंगात घालतं?

ती डोक्याला हात लावून बसली असताना शेजारचा हैबती दारात आला. "द्वारकाक्का, एखादं जुनं लुगडं हाय का? पोळा आलाय. बैलांना झूल करायची म्हणतो."

द्वारकानं हैबतीकडं बघितलं. मग ताग्यांकडं बघितलं.

"हैबती, तुझ्या बैलांनी कधी कपड्याला नावं ठेवलीत का रं?"

"बैल कशाला नावं ठेवतोय, आक्का?"

"मग पळ! बैलांची मापं आण. तुझ्याच नव्हं, साऱ्या गावाच्या!"

आळीतल्या झाडून साऱ्या बायका सुया घेऊन गोळा झाल्या. सात दिवस यंत्राला उसंत नव्हती. आणि गंमत बघा, माणसांना छळणारा तो ताठा झुलीला अगदी नामी लागू पडला. झूल पाठीवर बसली की बसली, घसरायचं नाव नाही!

पोळ्याला महाराज आणि राणीसाहेब वेशीवर येऊन बसले. हुकूमच होता म्हणून दरबारीही अंगरखे घालून, हात पसरून मागं उभे होते. वाजतगाजत बैल आले. रंगवलेली शिंगं, पायांत घुंगरू, आणि पाठीवर लालभडक फुलंच फुलं! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"वा!" महाराजांच्या तोंडून निघून गेलं. मग एकदम आठवण होऊन ते बैलांबरोबर आलेल्या द्वारकावर गरजले, "अगं, पण ही तर जनावरं!"

"सरकार म्हणाले, राज्यातल्या कुणीही मिरवावं. यांच्याइतकं राज्यासाठी राबतं कोण?"

"आणि तक्रार?"

"आपणच इचारून बघावं, सरकार."

महाराज हट्टी. खरंच उठले आणि हैबतीच्या खिलाऱ्यापुढं जाऊन उभे राहिले. "काय रे, कसं वाटतंय?"

बैलानं मान डोलावली. गळ्यातली घंटा खणखणली.

"हॅ!" महाराज म्हणाले. "अशी मान तर माझ्या दरबारानंही डोलावली होती! याचं तेवढं खरं कशावरून मानू?"

"मानावं, सरकार," द्वारका हात जोडून म्हणाली. "ह्यो घरी जाऊन पाठ खाजवत नाही!"

राणीसाहेबांना हसू आवरेना. महाराजांनी गर्रकन वळून बघितलं. दिवाणजी नेमके तेव्हाच वेशीच्या खांबाला पाठ घाशीत होते. दिवाणजी थिजले. महाराजांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा बैलाकडं बघितलं, आणि गडगडाटी हसत सुटले. हसता हसता पागोटं कलंडलं.

"यंत्र तुझंच, द्वारका! आणि आजपासून दरबारची शिंपीणही तूच. आणखी काय हवं ते माग!"

"दुसरं काही नको, सरकार. वरच्या आळीचे सात बैल झुलीवाचून राहिलेत. कापड संपलं. तेवढे हे अंगरखे उसवायला मिळाले तर..."

"काय मंडळी?" महाराजांनी विचारलं. "द्यायचे का?"

आणि त्या दिवशी, बोरखळच्या इतिहासात पहिल्यांदाच, साऱ्या दरबारानं मनापासून मान डोलावली!