एकही ठिपका नसलेला दवाखाना

"मग प्रशस्तिपत्र कोणाला द्यावं म्हणता, बाई?"

बाई अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. पस्तीस वर्षं जंतूंची प्रयोगशाळा चालवून आता त्या गावी राहत होत्या. डॉ. शार्दूल परुळेकर, आता जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी, त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी; आणि हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

त्यानं लॅपटॉपवर जिल्ह्याचा नकाशा उघडला. रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवून तपासायचे, म्हणजे कल्चर करायचं; त्यात औषधांना दाद न देणारा जंतू सापडला, की दवाखान्यानं कळवायचं. नकाशावर लाल ठिपका उमटायचा. हीच माहिती पुढं राज्याला, दिल्लीला आणि तिथून साऱ्या जगाला जायची.

"डोंगरापलीकडच्या दवाखान्यात वर्षभरात एकही ठिपका नाही. मान त्यांचाच. आणि हा खाडीकाठचा... एका महिन्यात सात! तिथल्या तंत्रज्ञाला, रऊफ मुकादमला, मी नोटीस काढलीय. जिल्ह्याची अब्रू घालवली त्यानं."

"सात कोण?"

"बाळं. नवजात कक्षातली."

"दगावली?"



"ते... विचारलं नाही."

बाईंनी पदराला हात पुसले.

"आधी डोंगरापलीकडं फोन लाव. कल्चर कोण करतं, विचार."

"कल्चर होय?" तिथली परिचारिका म्हणाली. "त्याचं सामान दोन वर्षांपूर्वीच संपलंय, साहेब. आम्ही आपलं दर महिन्याला शून्य लिहून पाठवतो."

शार्दूलचे कान तापले. बाई एकेक कोकम उलटत राहिल्या...

मग त्यानं आपणहून रऊफला फोन लावला.

"नोटिशीचं उत्तर लिहितोच आहे, साहेब," रऊफ घाईघाईनं म्हणाला.

"राहू दे ते. बाळं कशी आहेत?"

"सातही घरी गेली! पहिल्या दोघांचं कल्चर पाहूनच डॉक्टरांनी औषध बदललं. सगळा कक्ष धुऊन काढला आम्ही."

"रऊफभाई... चुकलं माझं. ती नोटीस फाडून टाका."

 पलीकडून मोकळं हसू ऐकू आलं.

फोन ठेवला तेव्हा शार्दूलला कितीतरी हलकं वाटलं.

"डोंगरापलीकडच्यांना नोटीस काढू का, बाई?"

"सामान पाठव. आणि शिकवायला रऊफला पाठव."

"पण मग माझा नकाशा लालेलाल होईल!"

"होईल."

"तेव्हा काय करू?"

बाई हसल्या.

"पेढे वाट."