रिकामा खल

एकदा एका गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांचा दवाखाना म्हणजे पुढे एक ओटा आणि आत एक खोली. दोहोंच्या मध्ये जाड गोधडीचा पडदा. ओट्यावर माणसं बसत, गावभरच्या गप्पा मारत, आणि पाळी आली की एकेक जण पडद्याआड जाई. प्रत्येकाच्या दुखण्याचं टाचण वैद्यबुवा वेगळ्या कागदावर लिहून कपाटात ठेवत. एकाच घरातल्या सासू-सुनेचे कागदसुद्धा त्यांनी कधी एकत्र बांधले नाहीत.

त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य होता. बुद्धीने तल्लख, अर्धे ग्रंथ मुखोद्गत. पण वैद्यबुवांनी त्याला एक चमत्कारिक काम लावून दिलं होतं. पडदा पडला की त्याने ओट्यावर बसायचं आणि लोखंडी खलात बत्ता चालवायचा. खलात काही म्हणजे काही नसे. लोक त्याची थट्टा करत. एक म्हातारबा तर रोज म्हणायचे, "पोरा, या खलातलं औषध कुणाच्या पोटात गेलेलं आम्ही अजून पाहिलं नाही." शिष्य मान खाली घाली. हे कशासाठी म्हणून त्याने एकदा विचारलं, तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, "कूट. हाताला वळण लागेल."

त्याच गावात गिरजा नावाची एक बाई होती. तिची मुलगी मैना सहा वर्षांची, हसरी आणि भारी बडबडी. पण तिला मधूनच आकडी येई. डोळे पांढरे होत, हातपाय ताठ होत आणि मग पोर दमून झोपी जाई. पहिल्या आकडीपासून गिरजेचा जीव टांगणीला लागला होता. आजाराची भीती तर होतीच, पण लोकांची त्याहून मोठी. कळलं तर मैनेला कुणी खेळायला घेणार नाही, शाळेत कुणी शेजारी बसू देणार नाही, आणि पुढे कधी स्थळं बघायची वेळ आली की... तो विचार ती शेवटपर्यंत नेतच नसे. पाण्याला गेली तरी तिचे कान घराकडे. "मैना बरी आहे ना?" असं कुणी सहज विचारलं तरी ती घाईघाईने विषय बदले.

वैद्यबुवांपाशी मात्र तिला बोलता येई. पडदा पडे, बाहेर खल वाजू लागे, आणि त्या ठणठणाटात तिचे शब्द तिथल्या तिथे बुडून जात. हे असं का होतं याचा तिने कधी विचार केला नव्हता. आवाज सुरू झाला की जीभ सुटे, एवढंच तिला ठाऊक. औषध लागू पडत होतं. आकड्या कमी झाल्या होत्या.

एके दिवशी शिष्याला त्या कुटण्याचा वीट आला. खल बाजूला सारून तो ग्रंथ उघडून बसला. आत गिरजा सांगत होती, "परवा पुन्हा आकडी आली हो मैनेला. दातखीळ बसली, मला तर वाटलं..."

वैद्यबुवांनी हात वर केला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की बाहेर सगळं चिडीचूप आहे.

ती बाहेर आली तेव्हा ओट्यावरची सारी माणसं आढ्याकडे बघत होती. गुडघ्याच्या लेपासाठी आलेल्या साळूकाकू तेवढ्या तिच्याकडे बघून गोड हसल्या. "काय गं गिरजे, पोरीची दृष्ट काढतेस ना वेळच्या वेळी?" त्यांनी एवढंच विचारलं, पण गिरजा पदर ओढून घेत तशीच घराकडे निघाली.

पुढे जे व्हायचं ते झालं. शेजारच्या अंगणात सागरगोटे रंगले की मैना जाई, आणि खेळ मोडे. मुलींना घरून हाका येत. मैना विचारी, "आई, मी आले की सगळ्यांना कामं कशी निघतात?" गिरजा तिला जवळ घेई आणि दुसरंच काही बोले. साळूकाकू स्वतः होऊन घरी आल्या, माहेरच्या भगताची पुडी देऊन गेल्या. चिमूटभर दुधातून द्यायची, आणि वैद्याला सांगायचं नाही, गुण जातो. गिरजेला आता दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायचंही धाडस होत नव्हतं. वैद्यबुवांचं औषध संपलं. तिने पुडी सुरू केली. मैना दिवसभर पेंगू लागली. तिची बडबड बंद पडली, आणि आकडी मात्र थांबली नाही.

अशात शाळेच्या मास्तरांनी निरोप धाडला. मुलीविषयी कानावर काही आलं आहे, वैद्यबुवांना विचारल्याशिवाय तिला वर्गात बसवता येणार नाही. मीच जाऊन विचारतो.

वैद्यबुवांच्या कपाटातला मैनेचा कागद गिरजेच्या डोळ्यांपुढे आला. त्या कागदावर काय काय लिहिलं असेल? आईचंच काही चुकलं असं लिहिलं असेल? साळूकाकू कुजबुजतात तसलं काही? मास्तरांच्या आधी गाठावं म्हणून, ओट्यावर कुणी नसतं अशा भर दुपारी, झोपलेल्या मैनेला खांद्यावर टाकून ती निघाली.

पण मास्तर आधीच ओट्यावर बसले होते. वैद्यबुवा मागच्या पडवीत जेवत होते. मास्तर म्हणजे शहाणा माणूस, मुलीच्या भल्यासाठीच विचारतो आहे, असं समजून शिष्याने कपाट उघडलं होतं. मैनेचा कागद त्याच्या हातात होता, आणि मास्तरांनी तो घ्यायला हात पुढे केला होता. गिरजा पायरीवरच थिजली.

तेवढ्यात वैद्यबुवा हात पुसत बाहेर आले. त्यांनी शिष्याच्या हातून कागद काढून घेतला आणि पायरी उतरून गिरजेच्या हातात दिला.

मास्तरांना ते लागलं. आम्ही काय परके आहोत का, असं त्यांनी विचारलं.

"परके नाही, मास्तर," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "पण कागद हिच्या लेकीचा आहे. मी नुसता राखणदार. द्यायचा तर ही देईल, आणि जेवढा द्यायचा तेवढा देईल."

मास्तर उठून गेले. वैद्यबुवांनी गिरजेला आत बसवलं आणि पडदा सोडता सोडता शिष्याला म्हणाले, "कूट."

शिष्य आधीच ओशाळला होता, तरी त्याला राहवलं नाही. "गुरुजी, ओट्यावर तर चिटपाखरू नाही. कुणासाठी कुटू?"

"तू आहेस ना."

वैद्यबुवा पडदा हातात धरून क्षणभर थांबले.

"बाळ, माणूस आपल्याकडे येतो तो नुसतं दुखणं घेऊन येत नाही, सोबत आपली लाजही घेऊन येतो. लाज उघडी पडेल अशी धास्ती असली की तो दुखणं झाकतो. झाकलेल्या दुखण्यावर मी कसला इलाज करणार? चार कानांतली गोष्ट षट्कर्णी झाली, मग ते पुढचे दोन कान साळूबाईंचे असोत, मास्तरांचे असोत की तुझे. तुझं मन चांगलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण औषध घोटायला जेवढं लागतं तेवढं मी तुला सांगतोच. त्याहून अधिक ऐकायचं तुझं काम नाही. तू त्या दिवशी खल थांबवलास, आणि या बाईची वाट बंद झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसतो आहे. पोरीचं औषध संपलं असेल, हे मला कळत होतं. पण मी तिच्या दारी गेलो असतो, तर सगळ्या आळीने पाहिलं असतं."

शिष्य खलापाशी जाऊन बसला.

आत गिरजेने कागद उलगडला. लहानपणी शिकलेली अक्षरं तिने एकेक करून जुळवली. मैनेचं नाव, वय, आकडी कधी आली, किती वेळ राहिली, कोणतं औषध दिलं. बाधा नाही, दोष नाही, कुणाचं पाप नाही. शेवटी एक ओळ होती: आई मुलीची काळजी नीट घेते. ती ओळ तिने पुन्हा वाचली, आणि कागदावर थेंब पडू नये म्हणून तोंड फिरवलं.

बाहेर खल वाजू लागला. ठण, ठण, ठण.

मग ती बोलली. कनवटीची पुडी काढून तिने वैद्यबुवांपुढे ठेवली. कुणी दिली, कधीपासून दिली, पोर कशी पेंगते, सगळं सांगितलं. वैद्यबुवांनी पूड हुंगली, आणि त्यांचा चेहरा पालटला. झोपलेल्या मैनेची पापणी उचलून पाहिली, नाडी बराच वेळ धरून ठेवली.

"वेळेवर सांगितलंस, बाई," ते म्हणाले. "आणखी काही दिवस गेले असते तर माझ्या हातात काही उरलं नसतं. हे आजपासून बंद."

ते तिला रागावले नाहीत. गिरजाच म्हणाली, "हेही कागदावर लिहा. पुढे कुणी औषध देईल त्याला कळायला हवं." वैद्यबुवांनी तिच्यासमोर लिहिलं आणि तिला वाचायला दिलं.

निघताना तिने आणखी एक चिठ्ठी लिहून मागितली. आकडी आली तर मुलीला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, गळ्याशी कपडा सैल करावा, आणि आईला बोलावणं धाडावं. मास्तरांना एवढंच लागतं, असं तिचं तिनेच ठरवलं. संध्याकाळी शाळेत जाऊन ती चिठ्ठी तिने आपल्या हाताने दिली. मास्तरांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि मैनेला कुठल्या रांगेत बसायला आवडेल एवढंच विचारलं.

लोक पुढेही शिष्याची थट्टा करत राहिले, आणि तो हसून रिकामा खल कुटत राहिला. त्या दुपारी पडद्याआड काय बोलणं झालं, हे त्याला कधी कळलं नाही, आणि त्याने कधी विचारलंही नाही.