कावळ्याचा घास

“तीन वर्षं झाली, बुवा. अजून किती दिवस हा घास ठेवायचा?”

रंगनाथ मास्तर विचारत होते केरबाबुवांना, पण नजर गच्चीच्या कठड्यावर. तिथे केळीच्या पानावर दहीभाताचा गोळा ठेवलेला. त्यांच्या हातात वेताची छडी.

आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला उतरलो होतो. बुवा ऐंशीच्या पुढचे, त्यांची पिशवी सांभाळणारा मी साठीचा. सकाळी दोन जिने चढून गच्चीवर येईपर्यंत मला देव आठवला होता. बुवा एका जुन्या स्टुलावर टेकले. मी जिन्याच्या पायरीवरच बसलो.

“कुनासाठी ठेवतोस?” बुवांनी विचारलं.

“आप्पांसाठी. माझ्या वडिलांसाठी... त्यांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, बुवा.”

बुवांनी कठड्यावरच्या पानाकडे पाहिलं.

“घाटावर तीन तास उन्हात हात जोडून उभा होतो. म्हटलं, आईला अंतर देणार नाही. धाकटीचं लग्न करून देईन. भाऊबंदांशी भांडण मिटवीन. कावळा समोर पिंपळावर बसून होता, पण खाली उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला.”

“मग बोललास त्यातलं किती केलंस?”

“सगळं केलं.” मास्तर जरा ताठ झाले. “एक शब्द मोडला नाही. घासालाही एक दिवस खाडा नाही. अंगात ताप असताना जिना चढलोय. बहिणीच्या मुलीच्या बारशालासुद्धा गेलो नाही.”

“आन कावळा? येतो का?”

“रोज येतो. रोज शिवतो.”

“मग?”

तारेवरून दोन चिमण्या कठड्यावर उतरल्या. मास्तरांची छडी सपकन आपटली. चिमण्या पुन्हा तारेवर गेल्या.

“मग काही नाही, बुवा. आप्पा सुटले असं वाटतच नाही... थकलो मी. तुम्ही एकदा म्हणा, आप्पा समाधानानं गेले. मग मी थांबतो.”

मला वाईट वाटलं. दोन शब्द बोलायला बुवांचं काय जात होतं? पण आमचे बुवा गोड बोलण्यात पहिल्यापासून कंजूष.

मास्तरांच्या पत्नी चहा घेऊन वर आल्या. तीन कप ठेवून खाली गेल्या.

बुवांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“तुझे आप्पा सकाळी काय करायचे रं?”

“इथेच बसायचे. तुम्ही बसलात त्याच स्टुलावर.”

“बसून?”

“चिमण्यांना कणी टाकायचे आणि बघत बसायचे. तासन् तास. कोण कुणाला टोचतं, कोण पिल्लाला भरवतं... एकटेच हसायचे. चहा समोर ठेवला तरी भान नसायचं. रोज गार व्हायचा. आई रोज बोलायची, रोज पुन्हा गरम करून आणायची.”

“कशात टाकायचे कणी?”

मास्तर वळले. मग छडीनं पाण्याच्या टाकीकडे दाखवलं. टाकीखाली मातीचं एक पसरट परळ उपडं पडलं होतं.

“असं उपडं कोनी केलं?”

“मी.”

“कधी?”

“आप्पा जायच्या आधी... वर्षभर असेल. वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण व्हायची, बुवा. शाळेत जायच्या घाईत एकदा सदरा खराब झाला. मी चिडलो. त्यांच्यासमोरच उपडं केलं.”

“काय म्हनाले?”

“काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वर आलेच नाहीत...”

“मग घाटावर येवढं कबूल केलंस, त्यात हे म्हनालास?”

“ही काय कबूल करायची गोष्ट आहे, बुवा? चिमण्यांची?”

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले. मी पुढे झालो तर मला हातानंच थांबवलं. त्यांनी परळ उचललं, त्यातली कोळिष्टकं धोतराच्या सोग्यानं पुसली, ते गच्चीच्या मधोमध सुलटं ठेवलं. मग कठड्यापाशी गेले आणि दहीभाताचा अर्धा गोळा मोडून घेतला.

“बुवा! तो कावळ्याचा आहे!”

बुवांनी भात मोकळा करून परळात टाकला. मास्तरांच्या हातातली छडी काढून घेतली, माझ्याकडे दिली आणि मास्तरांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. स्वतः खाली फरशीवर बसले.

बराच वेळ काही झालं नाही.

मग एक चिमणी उतरली. मास्तरांचा हात सवयीनं उठला. बुवांनी मनगट धरलं. दुसरी आली. मग एक चिमणा आपल्या पिल्लाला घेऊन आला. पिल्लू चांगलं थोराड, पण परळाच्या काठावर बसून चोच वासून पंख थरथरवत होतं. पायाशी भात पडलेला, तरी बापानंच भरवावं म्हणून हटून बसलेलं. बाप बिचारा भरवत होता.

मास्तरांना हसू आलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे कठड्यावर कावळा आला. मी सांगायला तोंड उघडलं. बुवांनी डोळ्यांनीच दटावलं. कावळ्यानं मान तिरकी करून घासाकडे पाहिलं, तो चोचीत धरला आणि उडून गेला.

पिल्लू उडेपर्यंत मास्तर हलले नाहीत. मग एकदम दचकून मागे वळले. पान रिकामं होतं.

“बुवा... कावळा शिवला का?”

बुवांनी त्यांच्या पुढ्यातल्या भरल्या कपाकडे बोट दाखवलं.

“रंगनाथा, तुझा चहा गार झाला की रं.”