रंगारआळीचा ठिपका

देवखोलचं जुनं बंदर पायी हिंडायचं तर वेशीपासूनच, असा पर्शुतात्यांचा आग्रह. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण पाहुणे आले की काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. शेवाळलेला धक्का, पडका बुरूज, बंद पडलेली जकात चौकी हे ते भराभर दाखवतात आणि रंगारआळीत आले की थांबतात. आळी इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं. डोक्यावर दोऱ्यांना कपडे वाळत असतात.

"फोटो मागाहून काढा. आधी डोळ्यांनी बघा," तात्या डाफरतात.

मग दिसतं. शाळेचा सदरा असो, उशीचा अभ्रा असो की धोतर, प्रत्येक पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा तपकिरी ठिपका आहे. तो धुऊन जात नाही आणि कुणी घालवायला बघतही नाही. असं का, ते तात्या तिथेच ओट्यावर बसून सांगतात.

होड्या शिडांवर चालायच्या तेव्हाची ही गोष्ट. कोरं शीड खाऱ्या वाऱ्यात कुजतं, म्हणून ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या तपकिरी काढ्यात बुडवायचे. आळीचा धंदाच तो, आणि त्यात चिमायचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा नागू, आणि दारात दगडी हौद. तीन वेळा बुडवायचं, तीन वेळा खडखडीत वाळवायचं, तेव्हा शीड तिच्या हातातून सुटायचं. त्या रंगाचा आणखी एक उपयोग होता. चाचे यायचे ते पांढऱ्या शिडांनी. दोनदा त्यांनी बंदर जाळलं होतं. तेव्हापासून बुरुजावर हुकूम होता, तपकिरी शीड आपलं, पांढरं दिसलं की तोफ डागायची.

त्या वर्षी पावसाळा सरला तरी आभाळ उघडेना. तीन होड्यांची नवी शिडं चिमायकडे पडून होती. नागू त्यांतल्या पहिल्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. बांगडा किनाऱ्याला आलाय म्हटल्यावर त्याला कुठला दम निघतो?

"आये, एक हात दे न् सोड. मासळी काय आपल्यासाठी थांबून राहाते?"

"एका हाताचं शीड? आन् लोक म्हणतील चिमायनं नुसतं पाणी दाखवलं. माझ्या हौदातून असलं काम जायाचं नाय. रंगवीन तर तीन हात, नायतर कोरंच घेऊन जा!"

रागात बोलून गेली हो बाई. एका हातानंही शीड लांबून तपकिरी दिसलं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण हाताला नाव होतं ना! दुपारपर्यंत मुकाट्यानं परत येईल, असं तिला वाटलं. मुलगाही तिचाच. त्यानं तिन्ही शिडं कोरीच उचलली. आपली माणसं आपल्याला ओळखणार नाहीत होय, असं म्हणाला म्हणे. पहाटेच्या झिमझिमीत होड्या गेल्या, बुरुजावरून कुणाच्या नजरेला पडल्या नाहीत.

चौथ्या दिवशी भर दुपारी शिंग वाजलं. पांढरी शिडं, तीन! बायका पोरं काखोटीला मारून तटाच्या आत पळू लागल्या. चिमाय हौदाशी होती. तिला सगळं तिथेच कळलं. कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी ती त्या गर्दीतून उलटी धावत बुरुजावर चढली.

"मारू नका! आपली पोरं हायत ती! शिडं मीच कोरी दिली!"

पहाऱ्याचा नाईक भला माणूस, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तो हळूच म्हणाला, "चिमाय, भानावर ये. तुझ्या हौदातून कोरं शीड गेलंय का कधी?"

आजूबाजूचेही तेच म्हणाले. पोराच्या काळजीनं बाई भ्रमली, म्हणाले. तिनं शपथा घातल्या, नाईकाचे पाय धरले, जमिनीवर डोकं आपटलं. कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. जन्मभर राखलेलं नाव असं आडवं आलं. तिला दोघांनी धरून ठेवलं आणि तोफा सुटल्या.

होड्यांवर चौदा जण होते. भरतीबरोबर तेरा देह परत आले. नागू आला नाही.

तेरा जणांसाठी कोरं कापड आणलं, तेव्हा चिमाय उठली असं सांगतात. हौदात अंगठा बुडवून तिनं एकेका कफनाच्या कोपऱ्यावर टेकवला. भटजींनी विचारलं, बाई, हे काय?

"पल्याडच्या बंदरावरबी पहारा असंल," ती म्हणाली. "तिथं तरी आपली म्हणून ओळखू देत."

मग आळीकडे वळून म्हणाली, "आजपासनं हितनं कोरं कापड भायेर जायाचं नाय. वेडावाकडा लावा, फिका लावा, पण रंग लावा."

पुढे ती पुष्कळ जगली. कुणी एका हाताचं शीड मागितलं तरी निमूट द्यायची. तिला कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं म्हणे.

आजही रंगारआळीत बारशाचं दुपटं, डॉक्टरीणबाईचा कोट, मयताचं कापड, सगळ्यांना आधी ठिपका लागतो. शिडं कधीच गेली, होड्यांना यंत्रं आली. तरी पावसाळा संपला की आळीतली सर्वांत वडील बाई मूठभर साल उकळते. पहिला ठिपका पुरुषभर लांबीच्या कोऱ्या कापडाला लावते आणि ते ओहोटीच्या पाण्यात सोडते. ते नागूचं. पुष्कळदा भरतीला ते धक्क्याशी परत येऊन लागतं. बायका ते उचलतात. पिळतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडतात.