घोरपडकाकूंचं लोणचं

प्राणी एकमेकांकडे जेवायला जात, त्या काळची गोष्ट. घोरपडकाकूंनी करवंदांचं लोणचं घातलं आणि शेजाऱ्यांना चाखायला बोलावलं. पहिल्याच घासाला सशाचं तोंड वाकडं झालं, इतकं ते खारट होतं. पण काकू आशेने बघत होत्या. "वा काकू, काय चव आहे तुमच्या हाताला!" तो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

टिटवी तेवढी म्हणाली, "काकू, मीठ फार झालंय हो."

काकूंचा चेहरा पडला. टिटवीला कौतुकच करता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी काकू सशाच्या दारात बरणी घेऊन हजर. "टिटवीच्या वाटचंही तुलाच आणलंय हो."

"एवढंच होय काकू?" सशाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

काकू हरखल्या आणि दुसरी बरणी आणायला लगबगीने घराकडे वळल्या.