समोरचं आसन

"...आणि आक्षेप असा खोडायचा, की समोरच्याला पुन्हा तोंड उघडता येऊ नये. ते कसं करायचं, बुवा?" मुकुंदने विचारलं.

भार्गवबुवा मठाच्या अंगणात तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मुकुंदचं घर खाडीपलीकडे. पुण्याची एसटी अलीकडून, मठाच्या खालून सुटायची. मधे खाडी, आणि खाडीत त्याच्या आबांची होडी. साऱ्या गावाला तेच अलीकडे आणून सोडत.

पुण्याच्या कॉलेजात मुकुंदला जागा मिळाली होती. आबांनी अजून हो म्हटलं नव्हतं. घरात तो विषय निघाला की बापलेक दोघंही जेवण आटोपतं घेत. रविवारी शाळेत भाषणं होती. मुकुंदने विषय घेतला होता, 'शिकायला गाव सोडावं'. आबा ऐकायला येणार होते. घरी जे जमलं नाही ते व्यासपीठावरून साधायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"म्हण बघू," बुवा म्हणाले.

मुकुंदने म्हटलं. आवाज खणखणीत होता. काही लोक म्हणतात, गेलेली मुलं परत येत नाहीत. हे लोक जुन्या काळात जगतात... पुढे थोरामोठ्यांचे दाखले, आणि शेवटी एक जोरकस वाक्य.

"टाळीची जागा छान साधलीस," बुवा म्हणाले. "आबा वाजवतील का रे?"

मुकुंदने भाषणाच्या कागदाची घडी घातली.

ओसरीवर समोरासमोर दोन आसनं कायम अंथरलेली असत. मठाची रीत जुनी होती. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या आसनावर बसून मांडायचं, आणि 'हो, हेच' अशी मान हलल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही.

बुवांनी पलीकडच्या आसनाकडे बोट केलं.

मुकुंद म्हणाला, ते कशाला, त्यांचं म्हणणं मला पाठ आहे.

"मग तर सोपंच. बस."

तो बसला. "काही लोक म्हणतात..."

"काही लोक कोण?"

"...आबा."

"मग आबांसारखं म्हण."

मुकुंदने म्हटलं, पोरं गेली की परत येत नाहीत. बुवांची मान हलली नाही. इथे तुला काय कमी आहे, असंही म्हणून पाहिलं. मान हलली नाही.

तो वैतागला. "बुवा, ते एवढंच बोलतात."

"आणि बोलत नाहीत ते?"

मुकुंदने खाली खाडीकडे पाहिलं. होडी नुकतीच धक्क्याला लागली होती. माणसं उतरली, पिशव्या सावरत एसटीकडे धावली. आबा मात्र वल्हं मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले होते. कुणाची वाट बघत नव्हते. नुसते बसले होते.



"सगळ्यांना मीच खाडीपार सोडतो," मुकुंद हळूच म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "उतरताना कुणी मागे बघत नाही. त्याचं मला काही वाटत नाही, ते कामच आहे. पण एक दिवस तू उतरशील. तुलाही मीच आणून सोडणार... आणि मग रिकामी होडी मला एकट्याला परत न्यायची आहे."

बुवांची मान हलली.

मुकुंदने मनगटाने डोळे पुसले. भाषणाचा कागद मांडीवर होता. तो त्याने चाचपला, पण उघडला नाही.

"आता ह्याला उत्तर काय देऊ, बुवा?"

बुवा उठले. मंजिऱ्यांची परडी बाजूला ठेवून मुकुंदच्या रिकाम्या आसनावर येऊन बसले. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले, पोरासारखे. त्याच्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, "आबा... मी जाऊ?"